गुन्हेगारी अभिलेख

गुन्हेगारी अभिलेख : एखाद्या व्यक्तीविरुद्ध दाखल झालेले गुन्हे, तिला झालेली अटक, तिच्यावरील खटले व त्यांचे निकाल यांसंबंधी पोलीस, न्यायालय आणि कारागृह यांनी ठेवलेल्या अधिकृत नोंदींचा समुच्चय. ‘नावावर गुन्हा असणे’ या लौकिक शब्दप्रयोगात या सर्व नोंदी एकच समजल्या जातात; परंतु विधिदृष्ट्या त्यांचे स्वरूप व परिणाम भिन्न आहेत. गुन्हा नोंदला जाणे म्हणजे केवळ आरोप होणे. दोषारोपपत्र हे तपासाअंती बनलेले पोलिसांचे मत असते. दोषसिद्धी हा मात्र न्यायालयाचा निर्णय होय. नोकरी, पारपत्र, शस्त्रपरवाना, परदेशगमन इ. प्रसंगी या नोंदी पाहिल्या जात असल्याने त्यांतील भेद जाणणे आवश्यक ठरते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रत्येक घटकराज्याचे गुन्हेगारी अभिलेखांचे मध्यवर्ती कार्यालय असते व सामान्यतः व्यक्तीला आपल्या बोटांचे ठसे देऊन तेथून स्वतःचा अभिलेख मिळविता येतो. भारतात नागरिकाला आपला संपूर्ण अभिलेख एकत्रित स्वरूपात देणारे असे एकच कार्यालय नाही. महाराष्ट्रात तो पोलीस ठाणे, जिल्हा पोलीस कार्यालय व न्यायालय यांच्याकडून तुकड्यातुकड्याने मिळवावा लागतो. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील नेरळ या गावाच्या उदाहरणावरून ही व्यवस्था स्पष्ट होते.

अधिकारक्षेत्र : गुन्ह्याची नोंद व्यक्तीच्या निवासस्थानी नव्हे, तर सामान्यतः गुन्हा जेथे घडला त्या क्षेत्राच्या पोलीस ठाण्यात राहते. नेरळ गावात घडलेल्या गुन्ह्याची नोंद नेरळ पोलीस ठाण्यात होते. हे ठाणे रायगड जिल्हा पोलीस अधीक्षक, अलिबाग यांच्या अधिकाराखाली येते. नेरळ रेल्वेस्थानकाच्या फलाटावर किंवा लोकलगाडीत झालेल्या चोरीची नोंद मात्र लोहमार्ग पोलिसांच्या कर्जत ठाण्यात होते व ते ठाणे मुंबई लोहमार्ग पोलीस आयुक्तालयाचा भाग आहे. माथेरानला स्वतंत्र पोलीस ठाणे आहे. बदलापूर व कल्याण ही शहरे ठाणे शहर पोलीस आयुक्तालयात, तर पनवेल हे नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात मोडते. कामानिमित्त या मार्गांवरून रोज ये-जा करणाऱ्या नेरळवासीयाचा अभिलेख अशा रीतीने निरनिराळ्या कार्यालयांत विखुरलेला असू शकतो. जुनी कागदपत्रे शोधताना १९८१ पूर्वी या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

नोंदींचे प्रकार : दखलपात्र गुन्ह्याची पहिली माहिती म्हणजे ‘प्रथम खबर’ होय. ती पूर्वी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ खाली नोंदली जाई. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली नोंदली जाते. प्रत्येक प्रथम खबरीस गुन्हा नोंदणी क्रमांक व वर्ष देण्यात येते. पोलीस ठाण्याचे नाव व हा क्रमांक ही पुढील सर्व शोधाची गुरुकिल्ली होय. अदखलपात्र तक्रारी वेगळ्या नोंदवहीत लिहिल्या जातात. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलिसांना त्यांचा तपास करता येत नाही.

तपासाअंती पुरावा आढळल्यास न्यायालयात दोषारोपपत्र दाखल होते. पुरावा न आढळल्यास महाराष्ट्रात ‘समरी’ या नावाने ओळखला जाणारा अंतिम अहवाल पाठविला जातो. गुन्हा खरा, पण त्याचा छडा लागला नाही, तर ‘अ’ समरी. फिर्याद हेतुपुरस्सर खोटी असल्यास ‘ब’ समरी. आणि फिर्याद गैरसमजुतीची किंवा दिवाणी स्वरूपाची असल्यास ‘क’ समरी, असे तिचे तीन प्रकार आहेत. समरी मंजूर करण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना असतो. पोलिसांनी गुन्हा ‘मिटविला’ असे तोंडी सांगणे पुरेसे नसून न्यायालयाचा आदेश हाच त्याचा पुरावा होय.

कर्जत तालुक्यातील पुष्कळसे खटले कर्जत येथील प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात चालतात. जिल्ह्याचे सत्र न्यायालय अलिबाग येथे असून पनवेल येथेही अतिरिक्त सत्र न्यायालय आहे. आरोपमुक्ती, दोषमुक्ती, दोषसिद्धी किंवा तडजोड यांपैकी खटल्याचा शेवट कसा झाला, हे न्यायालयीन अभिलेखावरूनच निश्चित होते.

अभिलेख मिळविण्याचे मार्ग : फिर्यादीस प्रथम खबरीची प्रत विनामूल्य मिळते. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी दिलेल्या निर्णयानुसार आरोपीला किंवा त्याच्या प्रतिनिधीला अर्ज केल्यावर पोलिसांकडून २४ तासांत प्रत मिळावयास हवी. लैंगिक अपराध, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम खबरी संकेतस्थळावर प्रसिद्ध कराव्यात, असाही त्या निर्णयाचा आदेश आहे. तपास दैनंदिनी मात्र आरोपीला मागता येत नाही. दोषारोपपत्र व त्यासोबतची कागदपत्रे आरोपीला न्यायालयामार्फत विनामूल्य मिळतात.

निकालपत्राची प्रमाणित प्रत न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून मिळवितात. कारावासाची शिक्षा झालेल्या आरोपीस निकालाची प्रत विनामूल्य द्यावी लागते. अर्जात खटल्याचा क्रमांक व वर्ष लिहावे लागते. ते ज्ञात नसल्यास गुन्हा नोंदणी क्रमांक किंवा पक्षकाराचे नाव यांवरून न्यायालयाच्या संगणकीय अभिलेखात शोध घेता येतो. माहिती अधिकार अधिनियम, २००५ याचाही उपयोग होतो. तथापि तपासास बाधा आणणारी किंवा दुसऱ्याच्या खाजगी जीवनाविषयीची माहिती नाकारता येते.

नोकरीसाठी लागणाऱ्या चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्राचा अर्ज संगणकीय पद्धतीने केला जातो. नेरळच्या रहिवाशाच्या बाबतीत तो जिल्हा पोलीस यंत्रणेकडे जातो व स्थानिक पोलीस ठाणे आपल्या नोंदी पाहून अहवाल देते. परदेशगमनासाठीचे पोलीस प्रमाणपत्र पारपत्र कार्यालयाकडून मिळते. नोंद नसल्यास अभिलेख ‘निरंक’ असल्याचे कळविण्यात येते. जुन्या खटल्यातील दोषमुक्तीची नोंद ठाण्याच्या अभिलेखात झाली नसेल, तर खटला प्रलंबित असल्याचा अहवाल जाण्याचा संभव असतो. अशा वेळी निकालाची प्रमाणित प्रत पोलीस ठाण्यास सादर करून नोंद अद्ययावत करून घेणे हाच खात्रीचा उपाय होय. दोषमुक्त व्यक्तीने अशी एक प्रत कायमची जपून ठेवणे हिताचे असते.

परिणाम व संरक्षण : नोकरीच्या अर्जात खटल्यांविषयी विचारलेल्या प्रश्नास खरे उत्तर देणे बंधनकारक आहे. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१६) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की क्षुल्लक प्रकरण दडविले असल्यास नोकरी देणारा ते विवेकाने क्षम्य मानू शकतो. मात्र खरी माहिती दिली, तरी उमेदवाराचे पूर्वचारित्र्य विचारात घेण्याचा त्याचा अधिकार कायम राहतो. परिवीक्षेवर सोडलेल्या व्यक्तीस १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाच्या कलम १२ नुसार दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. बालकाविरुद्धचे निकाली निघालेले प्रकरण चारित्र्य प्रमाणपत्रासाठी उघड करण्यास पोलिसांना २०१५ च्या बालन्याय अधिनियमाने मनाई केली आहे.

इंग्लंडमध्ये १९७४ च्या अधिनियमाने ठराविक काळानंतर अनेक दोषसिद्धी ‘संपलेल्या’ मानल्या जातात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याने २०१८ मध्ये काही अभिलेख आपोआप मोहरबंद करण्याचा कायदा केला. भारतात प्रौढांसाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२ अन्वये घेतलेले ठसे, छायाचित्रे इ. ७५ वर्षे जतन केली जातात. परंतु पूर्वी दोषसिद्धी न झालेली व्यक्ती खटल्याविना सुटल्यास अथवा दोषमुक्त झाल्यास, सर्व विधिमार्ग संपल्यानंतर, न्यायालयाचा वेगळा आदेश नसेल तर ती नष्ट करावयाची असतात.

अभिलेखाचे सामाजिक मूल्य : अभिलेखातील शिक्का आणि व्यक्तीची योग्यता ही नेहमीच एकरूप नसतात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाने व त्याच्या सुधारित आवृत्त्यांनी अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. नेरळच्या परिसरात याचे दुसरे उदाहरण आढळते. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी १९४२ च्या लढ्यात आझाद दस्ता उभारला. ब्रिटिश शासनाच्या लेखी ते फरारी आरोपी होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगड येथे पोलिसांच्या गोळीबारात ते व हिराजी पाटील हुतात्मा झाले. पुढे १९७२ मध्ये केंद्र शासनाने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन योजना सुरू केली, तेव्हा कारावासाचे दाखले व फरारी घोषित केल्याचे आदेश हेच पात्रतेचे पुरावे ठरले. एके काळी कलंक मानलेली नोंद अशा रीतीने सन्मानाचे साधन बनली.