‘घरी न्या, सेवा करा’ नंतरचा डॉक्टर

मोठ्या हॉस्पिटलातून कॅन्सरच्या पेशंटला शेवटची सुट्टी मिळते तेव्हा नातेवाइकांच्या हातात जाडजूड फाइल असते. सीटी स्कॅनच्या फिल्म, बायोप्सीचा रिपोर्ट, केमोच्या सायकलींचा हिशेब, सगळं त्यात असतं. सोबत तोंडी एक वाक्य मिळतं: ‘आता घरी न्या, सेवा करा.’ सेवा करायची म्हणजे नेमकं काय, हे त्या फाइलमध्ये कुठंच लिहिलेलं नसतं. रात्री दोनला कळा सुरू झाल्या तर काय द्यायचं? गिळता येईनासं झालं तर नळी घालायची की नाही? चार दिवस पोट साफ झालं नाही तर कुणाला विचारायचं? मग फोन जातो गल्लीतल्या, गावातल्या फॅमिली डॉक्टरांना. ताप-खोकला, बीपी, शुगर बघण्यात त्यांचा जन्म गेलेला. ते येतात, सलाइन लावतात, दुखण्याचं इंजेक्शन देतात, नातेवाइकांच्या खांद्यावर हात ठेवतात. याहून जास्त त्यांच्याकडं नसतं, कारण शिक्षणाच्या इतक्या वर्षांत असाध्य आजाराच्या पेशंटच्या घरी त्यांना कुणी नेलेलंच नसतं.

असाध्य आजारात वेदना आणि त्रास हलका करणारी ही सेवा म्हणजे पॅलिएटिव्ह केअर. ती शेवटच्या आठवड्यातली सोय, असा समज डॉक्टरांमध्येही आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलनं २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेले १५१ पेशंट होते. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर पहिल्यापासूनच पॅलिएटिव्ह केअर दिली. त्यांचं जगणं तर सुसह्य झालंच, पण आयुष्यही लांबलं: इतरांना साधारण ८.९ महिने मिळाले, यांना ११.६. दुसरा गैरसमज, की ही सेवा फक्त कॅन्सरच्या पेशंटसाठी असते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ मध्ये मांडलेल्या हिशेबात अशी सेवा लागणाऱ्या प्रौढांपैकी ३४ टक्के कॅन्सरचे होते, तर ३८.५ टक्के हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचे. थकलेलं हृदय, दमलेली फुप्फुसं, अर्धांगवायू, डायलिसिस सोडून दिलेली किडनी, स्मृतिभ्रंश. ही सगळी मंडळी आधीपासून फॅमिली डॉक्टरांच्याच यादीत आहेत. जगात दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना ही सेवा लागते, असा संघटनेचा अंदाज आहे. मिळते सुमारे १४ टक्क्यांना.

या विषयातले एमडी घडवून ही दरी भरेल, असं मला अजिबात वाटत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये २०१२ साली पॅलिएटिव्ह मेडिसिनचा एमडी अभ्यासक्रम सुरू झाला. त्याची गरज होतीच, शिकवणारे तिथूनच येणार. पण बहुतेक पेशंटना तज्ज्ञ लागतच नाही. दुखणं, धाप, मळमळ, बद्धकोष्ठ, जखम, झोप, भीती आणि घरच्यांची दमछाक, एवढं नीट सांभाळणारा डॉक्टर हाकेच्या अंतरावर असला तरी पुष्कळ. ब्रिटनमध्ये जीपींना, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांना, एक प्रश्न स्वतःला विचारायला शिकवतात: हा पेशंट येत्या वर्षभरात गेला, तर मला आश्चर्य वाटेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर त्याचं नाव वेगळ्या यादीत घ्यायचं आणि पुढच्या संकटांची तयारी आजच करायची. या प्रश्नाचं उत्तर द्यायला पेशंट वर्षानुवर्षं माहीत असावा लागतो. ती माहिती कॉर्पोरेट हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्ये नसते.

आपल्याकडं या बाबतीत केरळचं नाव निघतं, आणि ते रास्तच आहे. १९९३ साली कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी सहकाऱ्यांसह वेदनाशमनाची छोटी ओपीडी सुरू केली. थोड्याच काळात त्यांच्या लक्षात आलं, की ज्यांना सर्वात जास्त दुखतंय ते ओपीडीपर्यंत पोचतच नाहीत. मग सेवा घरी न्यायची ठरली. मलप्पुरमसारख्या जिल्ह्यात शिक्षक, दुकानदार, रिक्षावाले, गृहिणी यांना प्रशिक्षण देऊन स्वयंसेवक केलं. वर्गणी गोळा झाली. गावोगावच्या गटांना एकेक नर्स मिळाली. २००८ मध्ये राज्य सरकारनं पॅलिएटिव्ह केअरचं धोरण जाहीर केलं आणि पुढं पंचायतींनी ही जबाबदारी अंगावर घेतली. आज तिथं घरभेटीच्या गाडीत पुढं बसते ती नर्स. डॉक्टर हवा तेव्हा येतो. डॉक्टरांच्या प्रशिक्षणाला त्यामुळं एक वेगळंच वळण मिळालं, कारण कोर्सला आलेल्या डॉक्टरला बहुतेक गोष्टी नर्सच्या मागं उभं राहून शिकाव्या लागतात. आपल्या मेडिकल कॉलेजांतल्या उतरंडीत हे पचायला जड आहे, पण शिक्षण होतं ते तिथंच.

अशी घरभेट कशी असते? तंबाखूनं झालेला तोंडाचा कॅन्सर, गालावरची जखम फुटून बाहेर आलेली. पेशंटची खाट मागच्या खोलीत, दार ओढून घेतलेलं. कारण वास. घरचे आपापसांतही त्याचा उच्चार करत नाहीत, नातवंडांना मात्र तिकडं फिरकू देत नाहीत. नर्स आधी खाटेवर टेकते, विचारपूस करते, मग सलाइनच्या पाण्यानं जखम हलक्या हातानं धुते. मेट्रोनिडाझोलच्या साध्या गोळ्या कुटून त्याची पूड जखमेवर भुरभुरते आणि वर मऊ गॉज ठेवते. हेच रोज कसं करायचं, ते सुनेच्या हातून करवून घेते. जुन्या सुती साडीच्या घड्या उकळून, वाळवून गॉजसारख्या वापरता येतात हेही सांगते. काही दिवसांत वास कमी होतो आणि दार उघडं राहायला लागतं. पुस्तकात या उपायाला दोन ओळी असतात. वासामुळं माणूस स्वतःच्याच घरात वाळीत पडतो, हे त्या दोन ओळींत येत नाही.

तोवर शिकाऊ डॉक्टरनं औषधांची कॅरीबॅग चटईवर रिकामी करायची असते. त्यात तीन हॉस्पिटलांची औषधं, एकच गोळी दोन नावांनी, आणि दुखण्याच्या गोळ्यांच्या पट्ट्या जवळजवळ भरलेल्या. का? ‘फारच दुखलं तर घ्यायच्या ना? सवय लागली तर?’ इथून मॉर्फिनचा धडा सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी जी पद्धत घालून दिली तिचं सार सोपं आहे: औषध शक्यतो तोंडानं, वेदनेच्या पायरीनुसार, आणि घड्याळ बघून. दुखायची वाट बघायची नाही. तोंडानं घ्यायच्या साध्या मॉर्फिनचा असर चारेक तास राहतो, म्हणून दर चार तासांनी डोस. थोड्यापासून सुरुवात करून वाढवत न्यायचं. किडनी बिघडलेली असेल तर जास्त जपून. आणि मॉर्फिन लिहिणाऱ्या हातानंच पोट साफ होण्याचं औषधही लिहायचं, नाहीतर आठवड्याभरात पेशंट वेदनेपेक्षा बद्धकोष्ठानं हैराण होऊन गोळ्या बंद करतो. वाचता न येणाऱ्यांसाठी कागदावर उगवता सूर्य, माथ्यावरचा सूर्य आणि चंद्र काढून त्याखाली गोळ्या चिकटवून द्यायच्या. वेदनेसाठी नीट मोजून दिलेल्या मॉर्फिननं माणूस व्यसनी होत नाही, सहसा त्याचा श्वासही बंद पडत नाही. हे डॉक्टरला स्वतःला पटलेलं असेल तरच तो घरच्यांना पटवू शकतो.

ते पटलेलं नसण्यामागं कायद्याचाही हात आहे. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकते, आपण ती औषधासाठी निर्यातही करतो. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या जबर शिक्षा आणि परवान्यांचं जंजाळ यांना घाबरून दुकानांनी, हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिनची गोळी हातात न धरताच पास झाली. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला. आता मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या एकाच यंत्रणेकडून परवानगी मिळते. अट अशी, की तिथं या विषयाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा. म्हणजे कुलपाची किल्ली आता बऱ्याच अंशी प्रशिक्षणाकडं आहे.

औषधांहून अवघड भाग बोलण्याचा. ‘डॉक्टर, बाबांना काही सांगू नका हं, ते खचतील.’ हे वाक्य न ऐकलेला डॉक्टर महाराष्ट्रात सापडणार नाही. चांगल्या प्रशिक्षणात या प्रसंगाचं नाटक बसवतात: एकानं मुलगा व्हायचं, एकानं डॉक्टर, बाकीच्यांनी बघायचं. पहिल्या फेरीत बहुतेक डॉक्टर एक तर लगेच ‘बरं’ म्हणतात किंवा पेशंटच्या हक्कांवर व्याख्यान झोडतात. दोन्ही फसतात. मग हळूहळू तिसरी वाट दिसते. मुलाला आधी बोलू द्यायचं, त्याची भीती नेमकी कशाची आहे ते ऐकायचं, आणि म्हणायचं, ‘मी आपणहून काही सांगत नाही. पण त्यांना स्वतःला काय वाटतंय, ते त्यांच्या तोंडून ऐकूया का?’ पुष्कळदा बाबांना सगळं कळलेलं असतं. मुलगा खचेल म्हणून ते गप्प असतात. जेवणाचंही तसंच. ‘काहीच खात नाहीत, निदान सलाइन तरी लावा,’ हा आग्रह प्रेमाचाच असतो. पण शेवटच्या दिवसांत शरीरच अन्न मागत नाही, आणि जबरदस्तीनं चढवलेलं पाणी छातीत घरघर वाढवू शकतं. त्याऐवजी ओल्या कापसानं ओठ-तोंड ओलं ठेवायला सांगावं. तुळशीपत्र आणि पाण्याचा थेंब देणाऱ्या घरांना हे समजायला फार वेळ लागत नाही.

हे सगळं शिकवायचं कुठं? माझ्या मते घोडं इथंच अडलंय. ब्रिटनमध्ये जीपी व्हायला एमबीबीएसनंतरची कित्येक वर्षं लागतात. त्यात तीन वर्षांचं खास प्रशिक्षण असतं आणि त्यातला मोठा काळ एखाद्या अनुभवी जीपीच्या दवाखान्यात जातो. आपल्याकडं एमबीबीएस झालं की पाटी लावता येते. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा फॅमिली मेडिसिनचा तीन वर्षांचा डीएनबी आहे, काही मोजक्या कॉलेजांत एमडी आहे, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा प्रॅक्टिस सांभाळून करता येणारा दोन वर्षांचा डिप्लोमा आहे. पण यातला डीएनबी बहुतांशी हॉस्पिटलच्या वॉर्डांत फिरतो: इतके महिने मेडिसिन, इतके सर्जरी, इतके बालरोग. वॉर्डात पेशंट आपल्या अंगणात आलेला असतो. घरी आपण त्याच्या. नाडी-बीपी दोन्हीकडं सारखंच लागतं, बाकी सगळं बदलतं.

२०१९ पासून एमबीबीएसला नवा अभ्यासक्रम आला. त्यात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आहे. पाठोपाठ विद्यार्थ्यांनी कुटुंबं दत्तक घेण्याची योजना आली: पहिल्या वर्षापासून काही घरांशी नातं ठेवायचं, त्यांच्या आरोग्यावर लक्ष ठेवायचं. कल्पना झकास आहे. मात्र ती सर्वेक्षणाचे फॉर्म आणि हिमोग्लोबिनच्या शिबिरांपुरती उरली, तर संधी गेली. त्या घरांपैकी एका घरी तरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असावं, आणि विद्यार्थ्यानं त्याची पाठ पुसावी, कॅथेटर बघावा, सुनेशी बोलावं, अशी अट घालायला काय हरकत आहे?

महाराष्ट्रानं सुरुवात केली नाही असं नाही. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७ पासून विनामूल्य सेवा देतं, आणि पेशंटबरोबर आलेल्या नातेवाइकाला घरी सांभाळ कसा करायचा ते शिकवून पाठवतं. नाशिक जिल्ह्यात टाटा मेमोरियलच्या सहकार्यानं इगतपुरी तालुक्यापासून गावपातळीवरचा प्रयोग झाला. त्यात आशाताईंनी पेशंट शोधायचे आणि सरकारी डॉक्टर-नर्सनी घरी जायचं. २०१८ नंतर उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, तिथल्या बारा सेवांच्या यादीत वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह काळजीही आहे.

पण आपला एक खास पेच आहे. महाराष्ट्रातला गावचा, वस्तीचा फॅमिली डॉक्टर बहुतेक वेळा बीएएमएस नाहीतर बीएचएमएस असतो. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारीही बरेचसे बीएएमएस, सहा महिन्यांचा कोर्स करून आलेले. त्यांना मॉर्फिन लिहिता येत नाही, आणि तो अधिकार घाईनं देऊन टाकावा असंही मी म्हणणार नाही. पण जखम, तोंडाची निगा, बेडसोअर, बद्धकोष्ठ, मॉर्फिनच्या पेशंटवर लक्ष, घरच्यांशी बोलणं यांत अधिकाराची अडचण कुठं आहे? यांना प्रशिक्षणाबाहेर ठेवून ‘फॅमिली डॉक्टर तयार करू’ म्हणणं म्हणजे गावातले नव्वद दवाखाने सोडून शहरातल्या दहांसाठी वर्ग भरवणं. नर्स, बीएएमएस डॉक्टर आणि तालुक्याला एक प्रशिक्षित एमबीबीएस, ज्याच्याकडं मॉर्फिनचा साठा आणि रात्रीचा फोन असेल, अशी जोडणी आजच्या नियमांत बसते.

राहतो पैशाचा प्रश्न. शिकून आलेला डॉक्टर घरी जाऊन पाऊण तास बसला तर त्याला कोण काय देणार? महात्मा फुले जनआरोग्य योजना काय किंवा आयुष्मान भारतचं विमाकवच काय, मुळात दोन्ही हॉस्पिटलात भरती झालेल्याचा खर्च उचलतात. त्यामुळं शेवटच्या आठवड्यात आयसीयूचं बिल भरलं जातं, घरभेटीचं नाही. डॉक्टर मग दवाखान्यात बसून तेवढ्या वेळात बारा पेशंट तपासतो. केरळात घरभेटीची नर्स, गाडी आणि औषधं पंचायतीच्या अंदाजपत्रकात असतात. आपल्या ग्रामपंचायतींच्या विकास आराखड्यातही आरोग्याचा रकाना असतो. पेव्हर ब्लॉक आणि हायमास्टचा ठराव झाल्यावर पुढच्या ग्रामसभेत त्या रकान्यात एका नर्सचा पगार आणि महिन्याच्या पेट्रोलचा खर्च मांडून बघायला कुणाच्या परवानगीची गरज पडू नये.