नमुना कुठल्या पोत्यातला?

पुण्याच्या मार्केट यार्डात आरोग्याची बातमी आधी गिऱ्हाइकाच्या तोंडून येते, पेपरात ती नंतर सापडते. सकाळी एक बाई येऊन जवस मागतात, दुपारपर्यंत आणखी तिघीजणी. म्हणजे कुठेतरी काहीतरी छापून आलंय, नाहीतर कोणीतरी डॉक्टर मोबाइलवर बोललाय, हे ओळखायचं. जवसाच्या आधी चिया होतं, त्याच्या आधी काळा तांदूळ. 2023 हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष. उपासाची भगर सोडली तर ज्यांच्या घरात बारीक भरडधान्य कधी शिरलं नव्हतं, ती माणसंही त्या वर्षी राळे आणि कोद्रा विचारू लागली. धंदा म्हणून माझी काही तक्रार नाही.

मी संख्याशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि लग्न होऊन भुसाराच्या गाळ्यावर आले. सासरे म्हणायचे, शिकलीयस, हिशेबाला उपयोग होईल. हिशेब आता संगणक करतो. शिक्षण कामी येतं ते गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून "वहिनी, हे वाचलंत का?" म्हणतं तेव्हा.

बिबवेवाडीचे एक काका नेहमी येतात. त्यांनी विचारलं, "ज्वारीने डायबेटिस जातो म्हणे?" या बातमीचं मूळ 2021 सालच्या एका अभ्यासात आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेच्या पुढाकाराने जगभरातली आधीची संशोधनं गोळा करून त्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला. रोजच्या जेवणात भरडधान्य असलेल्या मधुमेहींची साखर, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरचीही, 12 ते 15 टक्क्यांनी उतरलेली दिसली. 11 देश, 65 अभ्यास. ऐकायला भरभक्कम वाटतं. पण या 65 अभ्यासांत माणसं होती सगळी मिळून हजाराच्या आसपास. भागाकार करा: एका अभ्यासाला पंधरा माणसं. त्यातही बरेच अभ्यास एका जेवणानंतरच्या काही तासांतली साखर मोजणारे.

आमच्याकडे बार्शी-करमाळ्याची ज्वारी उतरते, तेव्हा वरच्या पोत्यातली मूठ बघून कोणी भाव बोलत नाही. लोखंडी पोकळ नळी पोत्याच्या पोटापर्यंत खुपसायची, दाणे तळहातावर घ्यायचे, मग दुसरं पोतं, मग मागच्या थप्पीतलं. तळहातावर बोटाने दाणे पसरले की टोचा लागलेला, काळा पडलेला, फुटका दाणा वेगळा दिसतो. नमुना लहान असला म्हणून माल वाईट ठरत नाही. एवढ्यावर अख्ख्या गाडीचा सौदा करायचा नाही, इतकंच. आणि नमुना विकणाऱ्याने स्वतः काढून दिला असेल तर आपण पुन्हा एकदा नळी खुपसतो. इक्रिसॅट ही ज्वारी-बाजरीवर काम करणारी संस्था आहे. त्यामुळे तिचा निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण दुसऱ्या कोणी तेच मोजलंय का, हे बघावंसं वाटतं.

काकांना मी तो सगळा पाढा वाचून दाखवला नाही. एवढंच विचारलं, भाकरी पोळीच्या जागी खाणार की पोळीवर आणखी? कारण फायदा दिसला तो बहुतेक ठिकाणी पांढऱ्या तांदळाशी किंवा मैद्याशी तुलना करून. साखर-मैदा घातलेलं नाचणीचं बिस्किट त्या हिशेबात बसत नाही. मालदांडीची भाकरी चुकीची निघाली तरी फार तर काय होईल? पोट भरेल. पण तिच्या भरवशावर मधुमेहाची गोळी बंद केली आणि ते चुकलं, तर त्याची किंमत वेगळी. काकांनी दोन किलो ज्वारी नेली, गोळी चालू आहे.

आमच्या गाळ्यावरच्या हमाल मामांची गोष्ट मात्र उलटी. दिवसभर 50 किलोची पोती पाठीवर, अंगावर मांस म्हणून नाही. आरोग्य शिबिरात साखर जास्त निघाली तेव्हा ते कागद घेऊन माझ्याकडेच आले. म्हणाले, "मशीन बिघडलं असणार. साखर जाड्यांना होते, शेठच्या पोटाकडे बघा." बाजारातले दोन शेठ शेजारीच बसले होते.

मामांना पटेल असं संशोधन पुण्यातच झालंय, इथून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर, रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचं सारखंच, बीएमआय 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. दोन माणसांच्या फोटोवरून काही सिद्ध होत नाही, आणि तसा दावाही नव्हता. त्याच्यामागे मोठं काम होतं. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास 1990च्या दशकात सुरू झाला. तिथली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडातली 3.5 किलोची. आपली बाळं सगळीकडून लहान, स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. म्हणजे काट्यावर हलका दिसणारा माणूस आतून हलका असेलच असं नाही. मी मामांना सांगितलं, मशीन ठीक आहे, पुन्हा तपासा आणि डॉक्टरांकडे जा. इतर हमालांतही मग दोघंतिघं तपासून आले.

शेठ मंडळींसाठी माझ्याकडे चेन्नईचा अभ्यास आहे. डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी तो 2006 साली छापला. साखर सीमेवर आलेली 531 माणसं घेतली. काहींना नेहमीचा सल्ला, काहींना आहार आणि रोज अर्धा तास चालणं, काहींना मेटफॉर्मिनची गोळी, काहींना दोन्ही. तीन वर्षांत नेहमीच्या सल्ल्यावर राहिलेल्या शंभरातल्या 55 जणांना मधुमेह झाला, आहार आणि चालणं सांभाळणाऱ्यांतल्या 39 जणांना. बातमीत हे 'धोका 28 टक्क्यांनी कमी' असं येतं. मला शंभरातले सोळा वाचले हे जास्त कळतं. आणि नीट वागूनही 39 जणांना झालाच, हे टक्केवारीत दिसत नाही. गोळी आणि चालणं दोन्ही केलेल्यांना चालणाऱ्यांपेक्षा जास्त काही पदरात पडलं नाही. अमेरिकेतल्या 2002 सालच्या तशाच अभ्यासात चालणं-आहाराने धोका 58 टक्क्यांनी उतरला होता. आकडा मोठा म्हणून इंटरनेटवर तोच फिरतो. मी मात्र चेन्नईचाच धरते, कारण त्यातली माणसं आमच्या शेठसारखी आहेत. त्यांच्यापैकी एक आता गंगाधाम चौकापर्यंत चालत जातो. दुसरा स्कूटरवर जाऊन तिथे त्याची वाट बघतो.

सध्या विचारणा मिठाची. सैंधव घेऊन जाणाऱ्यांना वाटतं त्यात सोडियम नसतं. सैंधवसुद्धा मुख्यतः सोडियम क्लोराइडच, रंग तेवढा गुलाबी. कमी सोडियमचं मीठ हे निराळं, त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. त्याचा चीनमधला अभ्यास 2021 साली आला, आणि तो नमुना तोलामोलाचा होता: 600 खेडी, जवळजवळ 21 हजार माणसं, पाच वर्षांच्या आसपास. नुसता रक्तदाब मोजून संशोधक थांबले नाहीत, पक्षाघात किती झाले ते मोजलं. साध्या मिठावर वर्षाला हजारी 34च्या आसपास, बदललेल्या मिठावर 29. माणसं मात्र आधी पक्षाघात होऊन गेलेली किंवा रक्तदाब असलेली साठीपुढची, आणि मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना वगळलेलं.

गेल्या महिन्यात एक मेसवाले दादा आले. चारशे पोरांचं दोन वेळचं जेवण त्यांच्याकडे, शिवाय ज्येष्ठांचे डबे. "सगळं मीठच बदलून टाकतो, पोतंभर द्या." हेतू चांगला होता, आणि नफा माझाही. पण डबा खाणाऱ्यांत कोणाची मूत्रपिंडं अधू आहेत, कोण रक्तदाबाची पोटॅशियम वाढवणारी गोळी घेतंय, हे ना त्यांना माहीत ना मला. पोटॅशियम बाहेर टाकता आलं नाही तर ते हृदयाला घातक ठरू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2025मध्ये या मिठाची शिफारस केली, ती प्रौढांनी घरी वापरायच्या मिठापुरती. मुलं, गरोदर बायका आणि मूत्रपिंडाचे रुग्ण तिच्यात नाहीत, बाहेरचं जेवणही नाही.

मेसवाल्या दादांना मी साधंच मीठ दिलं, नेहमीपेक्षा एक कट्टा कमी. ताटातलं लोणचं आणि पापड रोजच्याऐवजी रविवारी वाढा, आमटीत मीठ जरा हात राखून घाला, असं सांगितलं. ते म्हणाले, पोरं ओरडतील. मी म्हटलं, ओरडू द्या. पुढच्या खेपेला पापडाचा बॉक्स नेताना ते माझ्याकडे न बघता बिल देत होते.