स्वप्नांचा अर्थ आणि स्वप्नांचं काम

स्वप्नांविषयी परस्परविरोधी समज आपल्याकडे सुखाने एकत्र नांदतात. स्वप्न ही पुढच्या घटनेची सूचना असते, निदान दडपलेल्या इच्छेची खूण तरी असते, हा पहिला. विज्ञानाने हे सगळं केव्हाच मोडीत काढलं असून स्वप्न म्हणजे झोपलेल्या मेंदूतला निव्वळ कचरा, हा दुसरा. अलीकडे तिसऱ्याची भर पडली आहे: स्वप्नं स्मरणशक्ती पक्की करण्यासाठी किंवा मनाची जखम भरून येण्यासाठी पडतात आणि हे आता सिद्ध झालेलं आहे. तिन्ही समजांच्या मुळाशी एकच गफलत आहे. स्वप्नाला काही अर्थ असतो का, हा एक प्रश्न. स्वप्न पडण्याचा आपल्याला काही उपयोग होतो का, हा पूर्ण वेगळा प्रश्न. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘अजून सिद्ध नाही’ असं असू शकतं. आजवरचा पुरावा माझ्या मते याच बाजूला झुकतो.

पहाटेचं स्वप्न खरं होतं, ही समजूत आधी पाहू. रात्रीच्या झोपेत साधारण दीड तासाचं एकेक आवर्तन होतं आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी रेम झोपेचा टप्पा येतो; त्यात बंद पापण्यांआड डोळे वेगाने हलतात. हा टप्पा उत्तररात्री लांबत जातो आणि ठसठशीत स्वप्नं बहुधा तेव्हाच पडतात. त्यातून जाग आली की स्वप्न लक्षात राहतं. म्हणजे पहाटेच्या स्वप्नाचं वैशिष्ट्य ते आठवतं हे आहे. आठवलेल्या अनेक स्वप्नांपैकी एखादं पुढच्या घटनेशी जुळलं की ते घरोघरी सांगितलं जातं, न जुळलेली विरून जातात. भाकीत ठरणारी बहुतेक स्वप्नं योगायोगाची असतात, हे अ‍ॅरिस्टॉटलनेही लिहून ठेवलं होतं. आपल्याकडे चरकसंहितेत स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांतले पाहिलेल्या, ऐकलेल्या, अनुभवलेल्या, इच्छिलेल्या आणि कल्पिलेल्या गोष्टींचे पहिले पाच प्रकार निष्फळ मानावेत, असं वैद्याला बजावलं आहे. उरलेल्या दोहोंना चरकाने फळ जोडलं हे खरं. पण प्रत्येक स्वप्न शकुन मानण्याची आजची सवय त्या परंपरेच्या माथी मारता येत नाही.

फ्रॉइडच्या नावावर खपणारे गैरसमज याहून चिवट आहेत. ‘स्वप्नांचा अर्थ’ हा त्याचा ग्रंथ 1899च्या नोव्हेंबरात छापून आला, मुखपृष्ठावर मात्र 1900 हे साल होतं. प्रत्येक स्वप्नाचा अर्थ लैंगिकच असतो, असं त्याने म्हटलं नव्हतं. हे विधान आपल्या ग्रंथाला परकं आहे, असा खुलासा त्याने पुढच्या एका आवृत्तीत केला. साप दिसला की अमुक आणि पाणी दिसलं की तमुक, असा कोशही त्याला पुरेसा वाटत नव्हता. प्रतीकांचा विभाग त्याने पुढे वाढवला, तरी स्वप्न पाहणाऱ्याला प्रत्येक तपशिलावरून काय काय सुचतं, हे ऐकणं त्याच्या पद्धतीचा कणा राहिलं. त्याच्या सिद्धान्ताची खरी अडचण वेगळी आहे. स्वप्न ही इच्छापूर्ती, आणि इच्छा ओळखू येऊ नये म्हणून तिने वेश पालटलेला. मग इच्छेच्या नेमकं उलट स्वप्न पडलं तर? तेव्हा फ्रॉइड म्हणे की रुग्णाला डॉक्टर चुकीचा ठरावा अशी इच्छा आहे! जो सिद्धान्त कोणत्याही स्वप्नाने खोटा पडत नाही, त्याची कसोटी लागत नाही. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना तीच भीषण दृश्यं पुन्हा पुन्हा स्वप्नात दिसत. ती इच्छापूर्तीत बसत नाहीत, हे 1920मध्ये त्यालाही मान्य करावं लागलं.

यानंतर प्रयोगशाळा आली आणि तिच्याबरोबर नवा गैरसमज. 1953मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी रेम झोपेचा शोध जाहीर केला. या झोपेतून उठवलेले लोक बहुतेक वेळा स्वप्न सांगत, इतर झोपेतून उठवलेले क्वचित. त्यावरून रेम झोप म्हणजेच स्वप्न हे समीकरण रूढ झालं आणि पाठ्यपुस्तकांत अजूनही भेटतं. पण 1962मध्ये डेव्हिड फूक्स याने प्रश्न बदलला. ‘स्वप्न पडत होतं का?’ ऐवजी ‘मनात काय चाललं होतं?’ असं विचारल्यावर रेम नसलेल्या झोपेतूनही भरपूर मजकूर हाती आला, आणि त्यातला बराचसा स्वप्नासारखाच होता. फूक्सचं लहान मुलांवरचं काम तर या समीकरणाच्या मुळावरच येतं. नवजात बाळाची निम्मी झोप रेम असते. त्या समीकरणाने बाळाला स्वप्नांचा पूर यायला हवा. प्रत्यक्षात नऊ वर्षांखालच्या मुलांना रेम झोपेतून उठवलं तर 20 ते 30 टक्के वेळाच स्वप्न सांगितलं जातं, आणि चार-पाच वर्षांच्या मुलांची स्वप्नं एखाद्या स्थिर चित्रासारखी असतात. त्यांत घडामोड नसते, बहुधा मूल स्वतःही नसतं. मुलांना सांगता येत नाही इतकंच, असा आक्षेप इथे घेतला जातो. पण स्वप्न सांगण्याचं प्रमाण मुलांच्या भाषेशी नव्हे, तर ठोकळ्यांची रचना जमवण्यासारख्या दृश्य-अवकाशीय कौशल्याशी जुळत होतं. डोळ्यांसमोर नसलेलं जग मनात उभं करणं ही कल्पनाशक्तीची कमाई आहे, आणि ती हळूहळू होते.

स्वप्न म्हणजे कचरा, या समजाला आधार मिळाला तो 1977च्या एका शोधनिबंधातून. हार्वर्डच्या अ‍ॅलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅकार्ली यांनी मांडलं की रेम झोपेत मेंदूच्या बुडाशी असलेल्या पॉन्स या भागातून उत्तेजना उसळतात आणि वरचा मेंदू त्यांची जमेल तशी गोष्ट जुळवतो. 1983मध्ये फ्रान्सिस क्रिक आणि ग्रेम मिचिसन यांनी आणखी पुढे जाऊन सुचवलं की निरुपयोगी जोडण्या पुसण्यासाठी स्वप्नं पडतात, म्हणजे आपण विसरण्यासाठी स्वप्नं पाहतो. यातून ‘स्वप्नं निरर्थक ठरली’ असा निष्कर्ष लोकांनी काढला. हॉब्सनने तसा काढला नव्हता. स्वप्नाचा अर्थ दडलेला नसतो, तो उघडाच असतो, असं तो म्हणत राहिला. सिद्धान्तालाही मोठा धक्का बसला तो मार्क सोल्म्सच्या 1997च्या पुस्तकाने. मेंदूला इजा झालेल्या शेकडो रुग्णांना त्याने स्वप्नांविषयी विचारलं. ज्यांच्या पुढच्या मेंदूतले, प्रेरणेशी निगडित ठरावीक तंतू तुटले होते, त्यांची स्वप्नं थांबली होती आणि रेम झोप शाबूत होती. स्वप्न नुसतं खालून उसळणाऱ्या गोंधळातून निपजत असतं, तर असं घडलं नसतं.

मग स्वप्नं कशासाठी? फिनलंडच्या अंटी रेव्हॉनसुओ याने 2000मध्ये मांडलं की स्वप्न ही संकटाची रंगीत तालीम आहे. आदिम माणसाला तिने धोके ओळखायला शिकवलं. उत्तर इराकमधल्या हिंसाचार सोसलेल्या कुर्द मुलांच्या स्वप्नांत फिनिश मुलांच्या स्वप्नांपेक्षा धोके जास्त आढळले, हा त्याच्या बाजूचा पुरावा. पण गुन्हेगारीचा ताप असलेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांची तुलना वेल्समधल्या लोकांशी केली तेव्हा उलट चित्र दिसलं. शिवाय घाबरलेल्या मुलांना घाबरवणारी स्वप्नं पडतात, एवढ्याने त्यांचा बचाव होतो हे सिद्ध होत नाही. स्मरणाच्या सिद्धान्ताचंही तेच. 2010च्या एका प्रयोगात संगणकावरचा चक्रव्यूह शिकून दुपारी झोपलेल्यांपैकी ज्यांना त्याचं स्वप्न पडलं, त्यांची प्रगती सर्वांत जास्त झाली. बातम्यांत हे गाजलं. झोपलेल्या 50 जणांपैकी अशी माणसं 4 होती आणि सुरुवातीला तीच मागे पडली होती, हा तपशील मात्र गाळला गेला. झोप स्मरणाला मदत करते, याचा पुरावा भक्कम आहे. ती मदत झोपेची की त्या वेळी दिसणाऱ्या स्वप्नाची, हे या प्रयोगातून ठरत नाही.

अर्थाच्या प्रश्नावर मात्र जमीन पक्की आहे. कॅल्व्हिन हॉलने हजारो स्वप्नं जमवून त्यांतली माणसं, भांडणं, मैत्री, जागा मोजल्या; पुढे विल्यम डॉमहॉफने हे काम वाढवलं. एकाच व्यक्तीची अनेक वर्षांची स्वप्नं मोजली तर त्यांत तिच्या आयुष्यातली माणसं आणि त्यांच्याविषयीची ओढ, राग, काळजी सातत्याने उमटलेली दिसतात. मनी वसे ते स्वप्नी दिसे, या आपल्या म्हणीला आकडेवारीने दिलेला हा दुजोरा म्हणायला हवा. यावर रास्त आक्षेप असा की दिवसभर वाचणारे, हिशेब करणारे लोक स्वप्नात ते क्वचितच करताना दिसतात. पण हा आक्षेप म्हणीला अधिक नेमकी करतो: स्वप्नात दिवसाचा कार्यक्रम येत नाही, जिवाला लागलेल्या गोष्टी येतात.

उत्क्रांतीत टिकलेल्या गोष्टीला उपयोग असलाच पाहिजे, हा शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप. तत्त्वज्ञ ओवेन फ्लॅनागन याने त्यावर हृदयाच्या ठोक्याचा दाखला दिला आहे. रक्त पुढे ढकलण्याचं काम हृदय करतं. ठोक्याचा आवाज त्या कामातून आपोआप निघतो, त्याने रक्त वाहत नाही. तरी डॉक्टर स्टेथोस्कोप लावून त्याच आवाजावरून झडपेचा दोष ओळखतात, ही गोष्ट मला इथे फार महत्त्वाची वाटते. डॉमहॉफची भूमिका हीच आहे: स्वप्नांना अर्थ आहे, स्वतंत्र उपयोग बहुधा नाही.

दुःस्वप्नांवरचा एक उपचार या भूमिकेशी चांगला जुळतो. बॅरी क्रॅकाउ आणि सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचारानंतर वर्षानुवर्षं दुःस्वप्नं सोसणाऱ्या स्त्रियांवर तो वापरला आणि 2001मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्वप्नाचा गूढार्थ कुणी लावला नाही. जागेपणी दुःस्वप्नाची गोष्ट हवी तशी बदलायची आणि ती नवी गोष्ट रोज थोडा वेळ मनात घोळवायची, एवढाच उपाय. त्यांची दुःस्वप्नं कमी झाली, झोप सुधारली आणि आघातानंतरची इतर लक्षणंही उतरली. आज हा उपचार मानसोपचारात रुळलेला आहे, आणि तो घेण्यासाठी स्वप्नं का पडतात याचं उत्तर मिळेपर्यंत कुणाला थांबावं लागत नाही.