रायफल, दुकान आणि राज्याची हद्द

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, केनोशा नावाच्या शहरात दंगल उसळली होती. त्या धामधुमीत काईल रिटनहाउस नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने रायफलीतून तिघांवर गोळ्या झाडल्या. दोघे मरण पावले. मुलगा राहणारा शेजारच्या इलिनॉय राज्यातला. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून एक वाक्य सगळीकडे ऐकू येऊ लागले : ‘रायफल घेऊन तो राज्याची हद्द ओलांडून आला.’ वर्तमानपत्रांत, टीव्हीवरच्या चर्चांत, पुढाऱ्यांच्या बोलण्यात हे वाक्य वर्षभर फिरत राहिले.

खटला उभा राहिला तेव्हा पुराव्यात वेगळेच निघाले. रायफल इलिनॉयमधून आलीच नव्हती. ती मे महिन्यात विस्कॉन्सिनमधल्याच एका दुकानातून त्याच्या मित्राने घेतली होती आणि केनोशातच त्या मित्राच्या घरी ठेवलेली होती. हद्द ओलांडली ती मुलाने, रायफलीने नव्हे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ज्युरीने स्वसंरक्षणाचा मुद्दा मानून त्याला निर्दोष सोडले. अल्पवयात शस्त्र बाळगल्याचा आरोप न्यायाधीशांनी त्याआधीच काढून टाकला होता. तो निकाल योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नाही. मला त्या एका वाक्यात रस आहे. कारण रायफल आणि राज्याची हद्द यांचा संबंध काय, याविषयी खुद्द अमेरिकेत जो गोंधळ आहे, तो सगळा त्या वाक्यात साठलेला आहे.

आपल्याकडे हा प्रश्न इतका अवघड नाही. शस्त्रे हा विषय आपल्या राज्यघटनेत केंद्राच्या यादीत आहे. १९५९ चा शस्त्र कायदा पुण्यात जो, तोच पाटण्यात. परवाना कुठपर्यंत चालेल हे परवान्यावरच लिहिलेले असते. अमेरिकेत तसे नाही. केंद्राचा कायदा आहेच, शिवाय पन्नास राज्यांचे पन्नास कायदे आहेत, आणि काही ठिकाणी शहरांचे नियम आणखी निराळे. एका राज्यात जी रायफल दुकानातून तासाभरात घरी नेता येते, तीच शेजारच्या राज्यात नुसती जवळ बाळगणे गुन्हा ठरू शकते.

याची सुरुवात समजून घ्यायची तर १९६३ सालात जावे लागते. त्या वर्षी मार्च महिन्यात शिकागोच्या एका क्रीडासाहित्याच्या दुकानाकडे टपालाने एक मागणी आली. मासिकात जाहिरात होती, तिचेच कूपन भरलेले. माल : दुसऱ्या महायुद्धातली, इटालियन बनावटीची जुनी कारकानो रायफल, दुर्बिणीसकट. किंमत १९ डॉलर ९५ सेंट, टपालखर्च वेगळा. मागणी करणाऱ्याचे नाव ए. हायडेल, पत्ता टेक्सास राज्यातल्या डॅलस शहरातली एक टपालपेटी. दुकानदाराने माल पाठवून दिला. त्यात बेकायदा असे त्याने काही केले नाही, कारण तेव्हा असा व्यवहार सर्रास चाले. हायडेल हे नाव खोटे होते. खरा गिऱ्हाईक ली हार्वे ओसवाल्ड. त्याच रायफलीने २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, असा चौकशी आयोगाचा निष्कर्ष आहे.

एवढे झाल्यावर तरी कायदा लगेच बदलला असेल असे आपल्याला वाटेल. बदलला नाही. पाच वर्षे विधेयके येत राहिली आणि पडत राहिली. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांचे खून झाले, तेव्हा कुठे संसद हलली. त्यातही जूनमधल्या कायद्याने टपालाने बंद केली ती फक्त पिस्तुले. रायफल आणि शॉटगन, म्हणजे लांब नळीच्या बंदुका, वगळल्या होत्या. ज्या प्रकारच्या हत्याराने केनेडी गेले तेच मोकळे राहिले, यातला विरोधाभास अध्यक्ष जॉन्सन यांनाही बोचत होता. अखेर २२ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांनी ज्या कायद्यावर सही केली त्यात रायफलीही आल्या. तेव्हापासूनचे मूळ सूत्र असे : एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बंदुकांचा व्यापार करायचा तर तो केंद्राचा परवाना असलेल्या विक्रेत्यांनीच आपापसात करायचा. सामान्य माणसाने आपल्या राज्यातल्या विक्रेत्याकडून घ्यायची.

पण शिकाऱ्यांचे काय? मिनेसोटाचा माणूस हरणाच्या शिकारीला विस्कॉन्सिनला जातो आणि तिथे त्याची रायफल बिघडते. म्हणून कायद्यात एक फट ठेवली गेली. हद्दीला हद्द लागून असलेल्या राज्यातल्या रहिवाशाला रायफल विकता येईल, मात्र त्याच्या राज्याने तशी मुभा देणारा कायदा केलेला असला पाहिजे. झाले! अनेक राज्यांनी भराभर असे कायदे केले : आमच्या रहिवाशांनी शेजारच्या राज्यातून रायफल घ्यायला हरकत नाही.

मग १९८६ साल उजाडले. अध्यक्ष रेगन यांच्या सहीने कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि शेजाराची अट केंद्राने काढून टाकली. परवानाधारक विक्रेता आता कुठल्याही राज्याच्या रहिवाशाला रायफल किंवा शॉटगन विकू शकतो. अटी दोन. गिऱ्हाईक समोरासमोर हजर पाहिजे आणि व्यवहार दोन्ही राज्यांच्या, म्हणजे दुकानाच्याही आणि गिऱ्हाइकाच्याही, कायद्यात बसला पाहिजे. पिस्तुलाला ही सवलत नाही. ते बाहेरच्या राज्यात पसंत केले तरी आपल्या राज्यातल्या विक्रेत्याकडे पाठवून तिथूनच ताब्यात घ्यावे लागते. पिस्तूल खिशात लपते, रायफल लपत नाही, हा त्यामागचा विचार. या भेदाला कोर्टात आव्हान दिले गेले, पण २०१८ मध्ये टेक्सास ज्याच्या कक्षेत येते त्या अपील न्यायालयाने तो वैध ठरवला.

केंद्राने शेजाराची अट काढली, पण राज्यांनी १९६८ नंतर केलेले ते मुभेचे कायदे पुस्तकात तसेच राहिले. आता त्यांचा अर्थ काय लावायचा? ‘शेजारच्या राज्यातून घ्यायला हरकत नाही’ याचा अर्थ ‘इतर राज्यांतून घ्यायला हरकत आहे’ असा होतो का? जो कायदा दार उघडण्यासाठी केला, तोच दार लावणारा ठरतो का? काही राज्यांनी यथावकाश ती कलमे रद्द केली वा बदलली. बाकी ठिकाणी एक दुकानदार एक सांगतो, दुसरा दुसरे. ‘फक्त शेजारच्या राज्यातूनच रायफल घेता येते’ असे ठामपणे सांगणारा माणूस अमेरिकेत आजही भेटतो. तो खोटे बोलत नसतो. त्याचे ज्ञान १९८६ पूर्वीचे असते, इतकेच.

दोन्ही राज्यांचे कायदे पाळायचे म्हणजे काय, हे उदाहरणाने पाहू. पार्कलंडच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर फ्लोरिडाने २०१८ मध्ये रायफल खरेदीचे वय २१ वर्षे केले. त्यानंतर फ्लोरिडाचा १९ वर्षांचा तरुण शेजारच्या जॉर्जियात गेला, तिथे १८ वर्षांच्या मुलाला रायफल मिळते हे त्याला माहीत आहे, तरी त्याच्या उपयोगाचे नाही. त्याच्या राज्याचा नियम त्याच्या पाठोपाठ दुकानात येतो. न्यू जर्सीच्या माणसाला रायफलीसाठीही आधी पोलिसांकडून खरेदीचे ओळखपत्र काढावे लागते. इलिनॉयचेही कार्ड असते. कॅलिफोर्नियात पैसे भरल्यावर दहा दिवस थांबावे लागते आणि व्यवहार तिथल्याच विक्रेत्यामार्फत करावा लागतो, त्यामुळे बाहेरच्या दुकानातून रायफल हातात घेऊन परत येण्याचा प्रश्नच मिटतो.

आणि हे सगळे माहीत कोणाला असायला हवे? दुकानदाराला. कायद्याचे म्हणणे असे की उलट पुरावा नसेल तर विक्रेत्याला दोन्ही राज्यांचे कायदे ठाऊक आहेत असेच गृहीत धरले जाईल. एखाद्या खेड्यातल्या रस्त्यावर बंदुका, गळ आणि बूट विकणाऱ्या माणसाला पन्नास राज्यांचे कायदे पाठ असावेत, ही अपेक्षा मला तरी थोर वाटते. केंद्राची जी यंत्रणा हे काम पाहते (दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटके असा विचित्र मेळ तिच्या नावात आहे) ती या कायद्यांचे जाडजूड संकलन प्रसिद्ध करते. तरीही कित्येक दुकानदार सरळ सांगतात : बाहेरच्या राज्याच्या गिऱ्हाइकाला आम्ही विकत नाही. गिऱ्हाइकाला वाटते कायद्यानेच बंदी आहे. प्रत्यक्षात ती दुकानदाराने स्वतःला वाचवण्यासाठी घातलेली असते. या गैरसमजाला आणखी खतपाणी घालणारी एक बारीक गोष्ट म्हणजे रायफलीचा नुसता सांगाडा, ज्याला रिसीव्हर म्हणतात. कायद्याने तो बंदूकच, पण ‘रायफल’ नव्हे. म्हणून पूर्ण रायफल बाहेरच्या माणसाला विकता येते आणि तिचा सुटा सांगाडा मात्र विकता येत नाही.

इथवर दुकानाचे झाले. दुकान बाजूला ठेवून माणसामाणसांत व्यवहार झाला की नियम उलटाच होतो. परवाना नसलेल्या माणसाने दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या, परवाना नसलेल्या माणसाला कुठलीही बंदूक परस्पर द्यायची नाही. रायफलीची सवलत इथे नाही. विकत नाही, अदलाबदलीत नाही, भेट म्हणूनही नाही. समजा, पेनसिल्व्हेनियातल्या बापाने आपली जुनी शिकारीची रायफल ओहायोत नोकरी करणाऱ्या मुलाला दिवाळीची, म्हणजे तिकडे नाताळची, भेट म्हणून दिली. मुलगा गाडीत ठेवून घरी घेऊन गेला. दोघांनीही गुन्हा केला. ती विक्रेत्यामार्फत, मुलाचा अर्ज भरून आणि तपासणी होऊन जायला हवी होती. जाणूनबुजून केले असे सिद्ध झाले तर पाच वर्षांपर्यंत कैद. मात्र बाप वारला आणि तीच रायफल मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने मुलाकडे आली, तर विक्रेता मध्ये लागत नाही. फक्त मुलाला ती बाळगण्याची कायद्याने मनाई नसली पाहिजे. काही दिवसांपुरती शिकारीला उसनी देणेही चालते. ती कायमची हातात ठेवायची तर बापाच्या मरणाची वाट पाहावी लागते किंवा दुकानाची पायरी चढावी लागते.

आता दुकानाची पायरी चढूनही माणूस कसा अडकतो ते पाहा. ब्रूस अब्रामस्की हा व्हर्जिनियाचा माजी पोलीस. पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या त्याच्या अंकलना (तिथल्या भाषेत काका आणि मामा दोघेही अंकलच) पिस्तूल हवे होते. पोलिसांना सवलत मिळते म्हणून २००९ मध्ये पुतण्या म्हणा, भाचा म्हणा, याने ते आपल्या नावाने घेतले. अंकलनी ४०० डॉलरचा चेक आधीच पाठवलेला. मग अब्रामस्कीने हद्दीचा नियम अक्षरशः पाळला. पिस्तूल पेनसिल्व्हेनियातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे नेले आणि त्याच्यामार्फत, रीतसर तपासणी होऊन, अंकलच्या हवाली केले. दोघेही बंदूक बाळगायला पात्र होते. तरी अब्रामस्की दोषी ठरला. कारण व्हर्जिनियाच्या दुकानात भरलेल्या केंद्राच्या अर्जात ‘खरा खरेदीदार मीच आहे’ या प्रश्नापुढे त्याने ‘होय’ लिहिले होते. पैसे अंकलचे, म्हणजे खरा खरेदीदार अंकल. जमिनीच्या व्यवहारात आपण ज्याला बेनामी म्हणतो तोच हा प्रकार. जून २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शिक्षा कायम केली. चार न्यायमूर्तींना ती पटली नाही, यावरून प्रश्न किती काठावरचा होता ते कळते.

केनोशाच्या प्रकरणातही वर्षभर चर्चा झाली ती हद्दीची. पण रायफलीचे पैसे रिटनहाउसचे होते आणि दुकानात नाव मित्राचे होते. प्रश्न विचारायचाच तर तो इथे विचारायला हवा होता. अल्पवयीन मुलाला शस्त्र दिल्याचे राज्याचे आरोप त्या मित्रावर ठेवले गेले होते. जानेवारी २०२२ मध्ये ते मागे घेतले जाऊन किरकोळ स्वरूपाच्या कलमाखाली २००० डॉलरचा दंड, एवढ्यावर ते मिटले.

‘रहिवासी’ कोण, हाही एक वाद. ज्या राज्यात माणूस घर करून राहतो तिथला तो रहिवासी. दोन राज्यांत दोन घरे असतील तर ज्या वेळी जिथे राहत असेल तिथला. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी सत्र चालू असताना कॉलेजच्या राज्यातला, आणि सैनिक ज्या राज्यात त्याची कायमची नेमणूक आहे तिथला. चार दिवस हॉटेलात उतरलेला माणूस कुठलाच नवा रहिवासी होत नाही.

आपल्या मराठी मंडळींशी याचा संबंध येतो तो याहून आधीच्या पायरीवर. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सास इथे कामाला गेलेली आपली मुले अनेकदा एच-वन-बी व्हिसावर असतात. हा तात्पुरता व्हिसा. अशा व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक विकत घेणे तर सोडाच, जवळ बाळगणेही केंद्राच्या कायद्याने मना आहे, मग राज्य कुठलेही असो. सुटीच्या दिवशी नेमबाजीच्या रेंजवर भाड्याची रायफल हातात घेणे हेही ‘बाळगणे’च ठरू शकते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला पंधरा वर्षांपर्यंत कैद आहे, आणि शिक्षा झाली तर परत पाठवणीही. काही अपवाद आहेत. त्यातला सगळ्यात मजेदार असा की एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना खिशात असेल तर मनाई उठते. हरीण मारायचे असो वा नसो, परवाना हवा. ग्रीन कार्ड मिळालेल्याला ही अडचण नाही. तो इतरांसारखा दुकानात जाऊन अर्ज भरू शकतो. त्या अर्जात नागरिकत्वाचा आणि व्हिसाचा रकाना असतो, आणि तो दुकानदाराने नव्हे, खरेदीदाराने स्वतः भरून त्याखाली सही करायची असते.