वाहते पाणी आणि प्रकाशचित्राचे सत्य

ओढ्याच्या काठी घटकाभर उभे राहिले, म्हणजे पाणी वाहताना दिसते. कॅमेऱ्याला मात्र हे वाहणे दाखविता येत नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागात चित्र घेतले, तर थेंबन् थेंब काचेच्या मण्यासारखा अधांतरी गोठतो. तेच आठ-दहा सेकंद घेतले, तर पाणी रेशमी वस्त्रासारखे मऊ व शुभ्र होते. या दोहोंत खरे कोणते, हे सांगणे वाटते तितके सोपे नाही.

दीर्घकाळ भिंग उघडे ठेवणे ही आज हौस असली, तरी एके काळी ती सक्ती होती. जयपूरचे महाराज सवाई रामसिंह दुसरे (राज्यकाल १८३५ ते १८८०) स्वतः कुशल छायाचित्रकार होते. त्यांच्या काचा व चित्रे तेथील सिटी पॅलेसच्या संग्रहालयात जतन केलेली आहेत. त्या काळी प्रचारात असलेली रीत ओल्या कलोडियनची. काचेवर रसायनाचा थर द्यावयाचा, तो ओला असतानाच चित्र घ्यावयाचे आणि वाळण्यापूर्वी ते उमटवावयाचे. ही काच इतकी मंद असे की, भर उन्हातही कित्येक सेकंद थांबावे लागे. महाल आणि डोंगर रेखीव उमटत. वाऱ्याने हलणारी पाने व वाहते पाणी पुसट होऊन जाई.

आजची अडचण नेमकी उलट आहे. कॅमेऱ्याची संवेदनक्षमता १०० व छिद्र एफ १६ वर ठेवले, तर स्वच्छ उन्हात सेकंदाचा सव्वाशेवा भागही पुरतो. म्हणून भिंगापुढे एन. डी. फिल्टर, म्हणजे रंग न बदलता केवळ उजेड अडविणारी काळसर काच, बसवितात. तिच्या प्रत्येक टप्प्याने प्रकाश निम्मा होतो. दहा टप्प्यांनी तो १०२४ पटींनी घटतो. मग सव्वाशेव्या भागाऐवजी सुमारे आठ सेकंद मिळतात. कॅमेरा तिवईवर घट्ट हवा, आणि काच बसविण्यापूर्वीच भिंगाची जुळणी करावयास हवी. कारण तिच्यातून नंतर जवळजवळ काहीच दिसत नाही.

या आठ सेकंदांत घडते काय? चित्रातील प्रत्येक बिंदू आपल्या वाट्याचा प्रकाश वाण्याच्या वहीप्रमाणे जमा करीत जातो. दगड सारा वेळ तोच प्रकाश देतो, म्हणून तो ठसठशीत उमटतो. लाटेवरची चमक क्षणोक्षणी जागा बदलते. तिची केवळ सरासरी उरते. स्थिर असेल ते राहते, सरकेल ते विरते.

येथेच छायाचित्रकाराची कसोटी आहे. जयपूरच्या सिव्हिल लाइन्सच्या पश्चिमेकडून द्रव्यवती नदी जाते. नाहरगडच्या डोंगरांत उगम पावलेली ही नदी लोकांच्या तोंडी मात्र अमानीशाहचा नाला होऊन बसली होती, कारण अनेक दशके तिच्यातून शहराचे सांडपाणी वाहत होते. २०१६ साली तिच्या पुनरुज्जीवनाचे काम सुरू झाले, सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रे उभारली गेली. अशा नदीच्या एखाद्या छोट्या बंधाऱ्यावर आठ सेकंद भिंग उघडे ठेवा. साबणाचा फेस असला, तर त्याचे धुके होईल. पाण्याबरोबर वाहून जाणारा कचरा मागमूसही ठेवणार नाही. गढूळपणावर रुपेरी साय येईल. दगडाला अडकलेली पिशवी तेवढी चित्रात राहील. चित्र पाहणारा म्हणेल, नदी निर्मळ झाली!

कॅमेऱ्याने खोटे सांगितले असे नव्हे. आठ सेकंदांचा जमाखर्च त्याने चोख मांडला. पण बेरजेत एकेक रक्कम दिसत नाही. यास्तव सौंदर्यासाठी दीर्घ चित्र अवश्य घ्यावे, परंतु नदीची प्रकृती सांगावयाची असेल, तेव्हा त्याच जागेवरून एक झटपट चित्रही घ्यावे. दोन्ही शेजारी ठेवावीत आणि प्रत्येकाखाली वेळ लिहावी. मग पाहणाराला पाण्याची गतीही कळेल आणि पाणीही.