कबड्डीच्या लिलावांतील तुकड्यांची प्रतवारी

लिलावाची बातमी आली म्हणजे आमच्या शाळेंत एक वाद हटकून निघतो. प्रो कबड्डींत आजवर आलेल्या नव्या खेळाडूंच्या तुकड्यांपैकीं कोणत्या वर्षाची तुकडी सर्वांत सरस? बहुतेक विद्यार्थी याचें उत्तर रुपयांत देतात. ज्या वर्षीं बोली कोटींत गेली तें वर्ष थोर, असा त्यांचा सरळ हिशेब. हा हिशेब आम्हांस मान्य नाहीं. तो कां मान्य नाहीं, हें येथें सांगण्याचा विचार आहे.

प्रथम अशी प्रतवारी लावण्याची चाल जेथें जुनी आहे तिकडे पाहूं. अमेरिकेंत फुटबॉल या नांवानें जो खेळ चालतो त्यांत चेंडू पायांपेक्षां हातांनींच अधिक खेळविला जातो. तेथील धंदेवाईक संघ महाविद्यालयीन खेळाडूंस दरवर्षीं पाळीपाळीनें निवडून घेतात. आदल्या वर्षीं जो संघ तळाशीं राहिला असेल त्याची पाळी पहिली. ही पद्धत इ. स. १९३६ मध्यें सुरू झाली. त्या वर्षीं पहिलें नांव जे बर्वँगर या तरुणाचें पुकारलें गेलें, आणि तो धंदेवाईक सामना एकही खेळला नाहीं! उलट इ. स. २००० मध्यें १९९ व्या क्रमांकावर निवडलेला टॉम ब्रेडी पुढें सात वेळां विजेत्या संघांत होता. म्हणून तिकडचे विचारी लोक पांच-दहा वर्षें लोटूं देतात आणि मग कोणती तुकडी सरस तें ठरवितात.

आपल्याकडे पाळी नाहीं, लिलाव आहे. प्रत्येक संघास खर्चाची मर्यादा ठरवून दिलेली असते. शिवाय अगदीं कोवळ्या खेळाडूंस 'नवोदित' म्हणून लिलावाबाहेर थेट करारानें घेतां येतें. ही दुसरी वाट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

पहिली तुकडी इ. स. २०१४ ची. अनुपकुमार, राकेशकुमार, मनजित छिल्लर, अजय ठाकूर, राहुल चौधरी अशीं एकाहून एक नांवें तींत आहेत. आपल्याकडील काशिलिंग आडके व रिशांक देवाडिगा हेही त्याच वर्षाचे. राकेशकुमारास पाटण्याच्या संघानें १२ लाख ८० हजार रुपये दिले, तीच त्या वर्षीची सर्वांत मोठी बोली. तथापि ही तुकडी आम्ही प्रतवारींत धरीत नाहीं. यांतील बरेच वीर आधींच राष्ट्रीय संघांत गाजलेले होते. पिकलेलें शेत विकत घेणें आणि पेरणी करणें यांत जो फरक, तोच येथें आहे.

आतां इ. स. २०१८ कडे वळूं. बोलीच्या दृष्टीनें हें वर्ष मोठें गाजलें. इराणचा फजल अत्राचली प्रथम एक कोटीस गेला, आणि लिलाव संपेपर्यंत कोट्यधीशांची संख्या सहा झाली. सर्वांत महाग मोनू गोयत, १ कोटी ५१ लाख रुपये; पण त्यास घेणारा हरियाणाचा संघ आपल्या गटांत तळाशीं राहिला. त्याच लिलावांत यू मुंबानें ३६ लाख ४० हजारांस सिद्धार्थ देसाई हा नवा गडी घेतला. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यांतील हुंदळेवाडी हें त्याचें गांव. पहिल्याच मोसमांत त्यानें चढाईचे २१८ गुण मिळविले, व पुढच्या वर्षीं तेलुगू टायटन्सनें त्यास १ कोटी ४५ लाख दिले. मात्र त्यानंतर दुखापतीनें गांठलें, इ. स. २०२१-२२ च्या मोसमांत तो तीनच सामने खेळूं शकला. त्याच २०१८ सालीं दिल्लीच्या संघांत नवीनकुमार हा कोवळा मुलगा दाखल झाला, त्याची फारशी कोणास दखलही नव्हती. दुसऱ्या मोसमांत त्याचे चढाईचे गुण ३०१ झाले, आणि इ. स. २०२२ च्या फेब्रुवारींत दिल्लीनें विजेतेपद पटकाविलें. सिद्धार्थ व नवीन हे दोघे एका तुकडींत असणें हीच तिची मोठी शोभा होय. तिला आम्ही दुसरा क्रमांक देतों.

पहिला क्रमांक इ. स. २०२१ च्या तुकडीचा. आदल्या वर्षीं महामारीमुळें स्पर्धाच झाली नव्हती, आणि या लिलावांत सर्वांचे डोळे प्रदीप नरवालच्या १ कोटी ६५ लाखांवर खिळले होते. त्या गलबल्यांत पुणेरी पलटणीनें अस्लम इनामदार व मोहित गोयत यांस, आणि पाटण्यानें इराणच्या महंमदरेझा शादलूई यास मैदानांत आणलें. शादलूई पहिल्याच मोसमांत पकडीच्या ८९ गुणांसह उत्तम बचावपटू ठरला. पुढें पुण्यानें त्यास २ कोटी ३५ लाखांस घेतलें, आणि हे तिघेही एका संघांत आले. ता. १ मार्च २०२४ रोजीं हैदराबाद येथें पुण्यानें हरियाणास २८-२५ असें हरवून पहिलें विजेतेपद मिळविलें, कर्णधार अस्लम. हा अहमदनगर जिल्ह्याचा, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरचा. इ. स. २०१८ मध्यें जकार्ता येथें आपला संघ इराणकडून हरून कांस्यपदकावर थांबला होता, इ. स. २०२३ मध्यें हांगझौ येथें इराणलाच ३३-२९ असें नमवून सुवर्णपदक परत आणलें, त्या संघांत अस्लम व नवीन दोघेही होते.

येथें आमच्या जव्हार-मोखाड्याचा विचार मनांत येतोच. हुंदळेवाडीहून मुलगा पुढें येतो, तर आमच्याकडून कां येऊं नये? अंगांत चपळाई आहे, दम आहे. परंतु दिवाळीनंतर कित्येक कुटुंबें वीटभट्ट्यांच्या कामास निघून जातात, मुलें बरोबर जातात आणि जमलेला संघ मोडतो. पाहणारा आला तरी पाहावयास तो गडी तेथें हवा ना! शिवाय लीगचा खेळ मॅटवर, आणि आमचा सराव लाल मातींत.

तिसरा क्रमांक इ. स. २०१७ चा. नितेशकुमार त्याच वर्षीचा. त्यानें पुढच्या मोसमांत पकडीचे १०० गुण केले, जें आधीं कोणासही साधलें नव्हतें. सचिन तन्वर हाही त्याच वर्षीचा, व इ. स. २०२४ मध्यें त्यास २ कोटी १५ लाख मिळाले. इ. स. २०१६ चें नांव पवन सेहरावत या एकट्यामुळें राहील.

इ. स. २०१५ ची तुकडी मात्र कोठें बसवावी याचा निर्णय सोपा नाहीं. तींत फजल आहे आणि प्रदीप नरवालही. प्रदीपास बंगळूरकडून त्या वर्षीं थोडेच सामने मिळाले व त्या संघानें त्यास जाऊं दिलें. पाटण्याकडून त्यानें ओळीनें तीन विजेतेपदें मिळविलीं, आणि इ. स. २०१७ मध्यें एकाच मोसमांत चढाईचे ३६९ गुण केले. त्याची एकूण बेरीज १८०१ वर गेली. या प्रदीपास इ. स. २०२५ च्या लिलावांत एकही बोली आली नाहीं, व त्यानें निवृत्ति जाहीर केली. रुपयांचा हिशेब लावणाऱ्यांनीं हे दोन आंकडे, १ कोटी ६५ लाख आणि शून्य, शेजारीं शेजारीं मांडून पाहावे. आम्ही या तुकडीस चौथें स्थान देतों. तिला दुसरें द्यावें असें म्हणणारे आमच्यांत दोघे आहेत.

इ. स. २०२२ ची जागा तूर्त मोकळी ठेविली आहे. त्या वर्षीं जयपूरकडून आलेला देवांक दलाल दोन वर्षें कोणाच्या खिजगणतींत नव्हता; इ. स. २०२४ च्या मोसमांत पाटण्याकडून त्यानें एकदम ३०१ गुण केले.