कॅज्युअल्टीतील गर्दी : डॉक्टर किती, आणि कुठे?

मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत गर्दी उसळली, की पहिली मागणी होते ती डॉक्टर वाढवण्याची. मागणी रास्तच आहे. परंतु हे डॉक्टर कोणत्या वेळी आणि कोणत्या टप्प्यावर हजर असतात, यावरही बरेच काही अवलंबून असते. या संदर्भात इंग्लंडचा अनुभव उद्बोधक ठरावा.

आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णाला चार तासांच्या आत दाखल करावे, अन्यत्र हलवावे किंवा घरी पाठवावे, असे उद्दिष्ट तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेने २००० मध्ये जाहीर केले. पुढे किमान ९८ टक्के रुग्णांबाबत ते पाळावे, असे ठरले. त्यासाठी अनेक रुग्णालयांनी कामाची रचनाच बदलली. पूर्वी बोट कापलेला किंवा पाय मुरगळलेला रुग्ण प्राथमिक तपासणीनंतर बाकावर बसे आणि गंभीर रुग्ण येत राहिले की ताटकळत राही. आता अनुभवी डॉक्टर किंवा खास प्रशिक्षित परिचारिका थेट दाराशी बसू लागली. पाहायचे, तिथेच टाका घालायचा, पट्टी बांधायची आणि रुग्णाला मोकळे करायचे. नवशिक्या डॉक्टरला निर्णयासाठी चाचण्या आणि वरिष्ठांचा सल्ला लागतो. अनुभवी व्यक्ती तोच निर्णय काही मिनिटांत घेते. म्हणूनच वरिष्ठांना रांगेच्या शेवटी न ठेवता आरंभी आणण्यात आले.

दुसरा मुद्दा पाळ्यांचा. रुग्णांचा ओघ साधारणपणे सकाळी वाढतो, रात्री उशिरापर्यंत टिकतो आणि पहाटे ओसरतो. तीन समान पाळ्यांत तितकेच कर्मचारी विभागले, तर पहाटे ते मोकळे आणि संध्याकाळी बेजार, असे होणारच. त्यावर एकमेकींत मिसळणाऱ्या पाळ्या हा उपाय आहे. शिवाय प्रत्येक डॉक्टर क्षणभरही रिकामा नसेल, अशी आखणी हिशेबनीसाला आवडली, तरी तिच्यात अचानक आलेल्या अपघातग्रस्तांसाठी जागा उरत नाही आणि रांग झपाट्याने वाढते.

मात्र या उपायांना मर्यादा आहे. २०१० मध्ये उद्दिष्ट ९५ टक्क्यांवर आणले गेले, आणि २०१५ च्या उन्हाळ्यानंतर इंग्लंडला एकूण पातळीवर तेही गाठता आलेले नाही. एक प्रमुख कारण कॅज्युअल्टीच्या बाहेरचे आहे. वॉर्डात खाटा रिकाम्या नसल्याने दाखल करायचे रुग्ण विभागातच अडकतात. घरी देखभालीची सोय नसलेल्या वृद्धांना डिस्चार्ज देता येत नाही. अशा वेळी कॅज्युअल्टीत आणखी चार डॉक्टर नेमून काय साधणार? त्यापेक्षा शनिवार-रविवारीही वॉर्डात डिस्चार्जचा निर्णय घेणारा वरिष्ठ डॉक्टर असणे अधिक उपयोगी पडते.

भारतात आपत्कालीन वैद्यक ही स्वतंत्र विशेष शाखा म्हणून २००९ मध्ये मान्य झाली. सार्वजनिक रुग्णालयांत या विभागाचा मोठा भार आजही निवासी डॉक्टरांवर असतो. त्यांची सलग ड्युटी सामान्यतः १२ तासांपेक्षा अधिक आणि आठवड्याचे काम सरासरी ४८ तासांपेक्षा अधिक नसावे, असे केंद्र सरकारच्या १९९२ च्या निर्देशात नमूद आहे. कोलकात्यातील घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये देशभरातील निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले, तेव्हा सुरक्षेबरोबरच ३६ तासांच्या सलग पाळ्यांचा प्रश्नही पुढे आला होता.